मार्केट यार्डातल्या गाळ्यासाठी पट्टीचं ॲप: नेटिव्ह की फ्लटर?

गुलटेकडीकर

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमचं तीन जणांचं छोटं ऑफिस आहे, पुण्यात सातारा रस्त्याला. मार्केट यार्डातल्या भाजीपाल्याच्या एका आडत्यांनी पट्टीचं ॲप करून मागितलं आहे. काम असं: रात्रीपासून गाड्या लागतात, हमाल माल उतरवतात, डाग (पोती, क्रेट असे नग) मोजून गाळ्यावर थप्पी लागते. पहाटे विक्री सुरू झाली की दिवाणजी वहीत शेतकऱ्याचं नाव, गाव, डाग, वजन आणि भाव लिहीत जातात. एकीकडे काटा चालू, दुसरीकडे गिऱ्हाईक भाव पाडून मागतंय, तिसरीकडे पुढची गाडी उभी, आणि यांचं लिहिणं थांबत नाही. त्यावरून मग प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी बनते. मालाची रक्कम, त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा, आणि खाली हातात पडणारा आकडा. हे सगळं फोनवर करायचं आणि पट्टी छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर मराठीत छापून द्यायची.

मालकांकडे आयफोन. दिवाणजींकडे ३ जीबी रॅमचा जुना अँड्रॉइड, तोही व्हॉट्सॲप आणि घरच्या फोटोंनी भरलेला. शेडमध्ये पहाटे नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. मालक म्हणतात, दोन्ही फोनवर चाललं पाहिजे आणि पैसे एकाच ॲपचे देणार.

माझा कल फ्लटरकडे आहे, म्हणजे एकदाच लिहून दोन्ही फोनवर चालवायचं. आमचा अँड्रॉइडवाला सहकारी म्हणतो, हे कोटलिनमध्ये (अँड्रॉइडच्या भाषेत) नेटिव्हच, म्हणजे त्या फोनच्या स्वतःच्या साधनांनीच करायचं, आयफोनचं नंतर बघू. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया लिहावं.

बाणेररोड

फ्लटर घ्या आणि कामाला लागा. तीन जणांच्या ऑफिसला दोन वेगळे कोड सांभाळणं झेपत नाही. प्रत्येक बदल दोनदा करायचा, दोनदा तपासायचा, आणि तरी अँड्रॉइडवर गेलेली सुधारणा आयफोनवर पोचायला पुढचा महिना उजाडतो. मग मालक विचारतात, "माझ्याकडे का नाही दिसत?" आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

माणसं मिळण्याचाही प्रश्न आहे. हिंजवडी-बाणेर भागात फ्लटर येणारी मुलं मिळतात. स्विफ्ट (आयफोनची भाषा) नीट येणारा माणूस छोट्या ऑफिसच्या पगारात टिकत नाही. तुमच्या ॲपमध्ये काय आहे? फॉर्म, यादी, हिशोब आणि एक प्रिंटर. यासाठी दोन वेगळी ॲप्स करणं म्हणजे मालकांचा पैसा वाया घालवणं.

खडकवासला

बाणेररोड, खर्च तुम्ही पहिल्या रिलीजपर्यंतचाच मोजताय. पट्टीचं ॲप एकदा गाळ्यावर बसलं की दहा वर्षं हलत नाही.

थोडा इतिहास बघा. फेसबुकने सुरुवातीला मोबाइल ॲप एचटीएमएल५ वर, म्हणजे वेब पानांच्या तंत्रावर, उभं केलं होतं. २०१२ मध्ये ते सोडून नेटिव्हवर आले, आणि एचटीएमएल५ वर इतका भर दिला ही मोठी चूक होती असं झुकरबर्ग यांनी जाहीरपणे सांगितलं. एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह (फ्लटरसारखंच दोन्ही फोनसाठीचं साधन) सोडत असल्याचं लिहिलं. ड्रॉपबॉक्स आयओएस आणि अँड्रॉइड दोन्हीसाठी सी++ चा सामायिक कोड वापरत होतं. २०१९ मध्ये त्यांनीही ते थांबवलं, कारण त्यासाठी लागणारी साधनं स्वतःच बांधावी लागत होती आणि तसं काम करणारी माणसं मिळत नव्हती. झामरिन या मायक्रोसॉफ्टच्या तशाच साधनाचा सपोर्ट १ मे २०२४ ला संपला. ज्यांनी त्यात ॲप्स लिहिली होती त्यांना सगळं दुसरीकडे हलवावं लागलं.

मधला थर कितीही चांगला असला तरी तो तिसऱ्याच्या हातात असतो. प्ले स्टोअर दरवर्षी टार्गेट एपीआय (ॲप ज्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी बांधलंय ती) वाढवायला लावतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर अँड्रॉइड १५ आणि पुढचं टार्गेट असलेल्या ॲप्सना १६ केबी पेज साइजची (मेमरीच्या मोठ्या तुकड्यांवर चालण्याची) अट आली. आपण वापरलेलं एखादं प्लगइन (दुसऱ्याने लिहिलेला जोडभाग) कोणी सांभाळत नसेल तर आपला अपडेट तिथेच अडकतो. नेटिव्हमध्ये ही साखळी बरीच आखूड असते.

बाणेररोड

@खडकवासला, एअरबीएनबीचं उदाहरण नेहमी अर्धंच सांगितलं जातं. त्यांचं मोठं नेटिव्ह ॲप आधीपासून होतं आणि त्यात मध्ये मध्ये रिॲक्ट नेटिव्हचे स्क्रीन घातले होते. म्हणजे दोनच्या जागी तीन गोष्टी सांभाळायच्या. कोऱ्या पाटीवर सुरू करणाऱ्याला तो त्रास होत नाही. उलट शॉपिफायने २०२० मध्ये पुढचं मोबाइलचं काम रिॲक्ट नेटिव्हमध्ये करणार असं जाहीर केलं आणि केलंही. डिस्कॉर्डने २०२२ मध्ये अँड्रॉइडचं नेटिव्ह ॲप सोडून रिॲक्ट नेटिव्ह घेतलं.

आणि तंत्रज्ञान २०१८ ला थांबलेलं नाही. रिॲक्ट नेटिव्हमध्ये तेव्हा प्रत्येक निरोप जेसन या मजकुराच्या रूपात बांधून ब्रिजवरून (ॲपचा कोड आणि फोन यांच्यातल्या पुलावरून) पलीकडे जायचा आणि उत्तराची वाट बघावी लागायची. २०२४ मधल्या ०.७६ पासून नवी रचना मूळचीच आहे, त्यात तो ब्रिज नाही. फ्लटरची पहिली ॲनिमेशन अडखळायची कारण शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) ऐनवेळी तयार व्हायचे. इम्पेलर या फ्लटरच्या नव्या चित्रयंत्रणेत ते आधीच तयार असतात.

खडकवासला

इम्पेलर अँड्रॉइड १० आणि पुढे. त्याआधीच्या फोनवर जुनाच मार्ग चालतो. दिवाणजींच्या फोनवर कोणतं अँड्रॉइड आहे ते आधी बघावं लागेल.

पण मला अडखळण्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दिवाणजी अर्धी नोंद करताहेत, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल येतो. ३ जीबीच्या फोनमध्ये अँड्रॉइड जागा करण्यासाठी मागे गेलेलं ॲप सरळ बंद करतं. कॉल संपवून ते परत येतात तर ॲप पहिल्यापासून सुरू, आणि अर्धी नोंद गायब. समोर शेतकरी, काट्यावरचा माल उतरलेला. आता वजन कुठून आणायचं?

नेटिव्हमध्ये ही परिस्थिती हाताळायची सोय पहिल्यापासून आहे आणि शिकवतानाही ती शिकवली जाते. फ्लटरमध्येही स्टेट रिस्टोरेशन (बंद पडलेल्या ॲपची आधीची स्थिती परत आणणं) आहे, पण मी बघितलेल्या फ्लटर ॲप्समध्ये ते वापरलेलं जवळजवळ कधीच दिसलं नाही. रिॲक्ट नेटिव्हमध्ये तर स्वतःच बांधावं लागतं. ऑफिसमधल्या १२ जीबीच्या फोनवर चाचणी करणाऱ्याला हे कधी दिसतच नाही.

कर्वेनगर_७

वरच्या मुद्द्याला फ्रेमवर्कनिरपेक्ष उपाय आहे. "जतन करा" बटणाची वाट बघू नका. रकाना भरला की त्याच क्षणी एसक्यूलाइटमध्ये (फोनवरच्या छोट्या डेटाबेसमध्ये) लिहा. वजन टाकलं, लिहिलं. भाव टाकला, लिहिला. ॲप मेलं तरी परत उघडल्यावर अर्धी नोंद जिथल्या तिथे दिसते. नेटवर्कचा प्रश्नही त्यातच सुटतो: आधी फोनवर, मग जमेल तेव्हा सर्व्हरवर. हे कोटलिनमध्येही करता येतं आणि फ्लटरच्या डार्ट भाषेतही.

माझ्या मते इथे जपायची गोष्ट हिशोब आहे. एकाच मालाची पट्टी दोन फोनवर दोन वेगळे आकडे दाखवायला लागली तर ॲप त्या दिवशी बंद होईल आणि वही परत येईल. नियमही बदलतात. फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, २०१६ च्या जुलैपासून खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. त्याआधी ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. असा बदल उद्या आला तर तो एकाच जागी करता आला पाहिजे.

त्यासाठी कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म बघा. नोव्हेंबर २०२३ पासून ते स्थिर आहे. हिशोब, डेटाबेस, सिंक हे कोटलिनमध्ये एकदाच. स्क्रीन मात्र ज्या त्या फोनच्या साधनात: अँड्रॉइडवर कंपोजमध्ये आणि आयफोनवर स्विफ्टयूआयमध्ये. तुमच्या सहकाऱ्याला कोटलिन येतंच.

आणखी एक. रक्कम रुपयांच्या दशांशात ठेवू नका, पैशांच्या पूर्णांकात ठेवा, वजन ग्रॅममध्ये. जावास्क्रिप्टमध्ये (रिॲक्ट नेटिव्हची भाषा) नेहमीची संख्या मुळात फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांशात थोडी चुकू शकणारी असते, तिथे तर विशेष काळजी घ्या.

कॅम्पातला_मॅकवाला

मी डेव्हलपर नाही, वापरणारा आहे, म्हणून थोडं वेगळं लिहितो. बाणेररोड म्हणतात फॉर्म आणि यादीच तर आहे. मला त्या यादीतच फरक कळतो. आयफोनवर कडेवरून बोट सरकवल्यावर मागचा स्क्रीन बोटाबरोबर यायला हवा. कीबोर्ड वर आला की ज्यात लिहितोय तो रकाना दिसत राहायला हवा. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं की ॲपमधलंही मोठं व्हायला हवं. २०२५ च्या आयओएस २६ मध्ये ॲपलने सगळं रूपच बदललं. ज्यांनी ॲपलची स्वतःची बटणं आणि पट्ट्या वापरल्या होत्या त्यांना नवं एक्सकोड (ॲपलचं ॲप बांधायचं साधन) वापरून पुन्हा बांधल्यावर ते रूप बरंचसं आपोआप मिळालं. फ्लटर आपली बटणं स्वतः रंगवतं, त्यामुळे ती ॲप्स जुन्या रूपातच राहिली.

२०२१ मध्ये पासवर्ड सांभाळणाऱ्या वनपासवर्डने मॅकवरचं ॲप इलेक्ट्रॉन या वेब तंत्राच्या साधनात आणायचं ठरवलं तेव्हा आमच्यासारखे वर्षानुवर्षं पैसे भरणारे लोक चिडले, ते याचमुळे. आमचा हट्ट सौंदर्याचा आहे असं लोकांना वाटतं. पण दिवसभर ज्या वस्तूला हात लागतो ती हाताला नीट बसावी, एवढीच मागणी असते.

कोथरूडडेपो

@कॅम्पातला_मॅकवाला, त्याच वर्षी त्याच कंपनीचं लिनक्ससाठीचं ॲप पहिल्यांदा आलं. मी लिनक्स वापरतो. तोपर्यंत ब्राउझरमधल्या एक्स्टेंशनवर भागवत होतो. कोड सामायिक नसता तर आमच्यासारख्या थोड्या लोकांसाठी वेगळं ॲप कोणी लिहिलं असतं? तुमचं काहीतरी गेलं हे खरंय, पण आम्हाला ते मिळालं. मेमरी जास्त खातं हे मान्य. मला चालतं.

सिंहगडरोड

प्रवाशाच्या बाजूने लिहितो. मंडई किंवा स्वारगेट मेट्रोला खाली उतरल्यावर, मागे रांग असताना, तिकिटाचा क्यूआर लगेच उघडायला हवा, रेंज असो-नसो. तिकीट फोनमध्ये साठवलेलं असेल तर उघडतं, सर्व्हरकडून आणायचं असेल तर अडतं. ते कशात लिहिलंय याने मला फरक पडत नाही. गुलटेकडीकर, तुमच्या दिवाणजींचंही असंच असणार.

पर्वतीपायथा

मला दिसत नाही. अँड्रॉइडवर टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) लावून मी बँक, रिक्षा, किराणा, सगळं फोनवरच करते. या चर्चेत आमचा विचार सहसा शेवटी होतो, म्हणून मुद्दाम लिहिते.

कुठलंही नवं ॲप आलं की मी एक बोट उजवीकडे सरकवत पहिल्या स्क्रीनवरून जाते. प्रत्येक गोष्टीवर फोन काय बोलतो ते ऐकते. "रक्कम, मजकूर रकाना." बरं. "पाठवा, बटण." छान. मग येतं नुसतं "बटण". त्याच्या पुढेही "बटण". त्यातलं एक मागे जायचं असतं आणि एक व्यवहार रद्द करायचं, आणि कोणतं कुठलं हे मला दाबल्यावरच कळणार. तिथे मी ॲप बंद करते.

हे मी नेटिव्ह ॲपमध्येही पाहिलंय आणि फ्लटरमध्येही. नेटिव्हमध्ये फोनची स्वतःची बटणं असल्याने निदान बटण आहे, चौकट आहे, टिक केलेली आहे की नाही, एवढं आपोआप कळतं. रिॲक्ट नेटिव्हही पडद्यामागे फोनचेच घटक वापरतं. फ्लटर चित्र स्वतः काढतं आणि आमच्यासाठी अर्थाचं वेगळं झाड बाजूला तयार करतं. त्यांचे तयार विजेट वापरले तर ते झाड बरं बनतं. पण डिझायनरने हौसेने स्वतःचं बटण रंगवलं आणि त्याला अर्थ जोडलाच नाही, तर माझ्यासाठी तिथे रिकामी जागा असते. गोष्टी वाचल्या जाण्याचा क्रमही कधी कधी उलटसुलट होतो. रक्कम आधी आणि नाव नंतर ऐकू आलं तर पैसे कोणाला चाललेत हे समजायला परत मागे यावं लागतं.

तुम्ही म्हणाल, गाळ्यावर कोण टॉकबॅक लावणार. पण ज्या शेतकऱ्याला वाचता येत नाही त्याला पट्टी ऐकवता आली तर? गूगलचा मराठी आवाज फोनमध्ये आहे. लेबलं नीट लावली असतील तर हे काम निम्मं झालेलंच असतं.

गुलटेकडीकर

@पर्वतीपायथा, ताई, पट्टी ऐकवण्याची गोष्ट आमच्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. लिहून घेतली आहे.

काटाप्रिंटर

मी काटे आणि थर्मल प्रिंटर दुकानांत बसवून देतो. तुमचा निर्णय फ्रेमवर्कवर नाही, प्रिंटरवर अडणार आहे, तो आधी सोडवा.

बाजारात मिळणारे बरेच स्वस्त ५८ मिलिमीटरचे प्रिंटर जुन्या क्लासिक ब्लूटूथवर सिरियल पोर्टसारखे चालतात. अँड्रॉइडला ते जोडता येतात. आयफोन क्लासिक ब्लूटूथवर असं कोणालाही बोलू देत नाही. त्यासाठी प्रिंटर बनवणाऱ्याकडे ॲपलचं एमएफआय प्रमाणपत्र लागतं, नाहीतर प्रिंटर ब्लूटूथ लो एनर्जीवर चालणारा लागतो. ही बंदी फोनची आहे. फ्लटरचं प्लगइन ती ओलांडू शकत नाही आणि स्विफ्टमध्ये लिहिलं म्हणूनही ती उठत नाही.

दुसरं, मराठी. या प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं नसतात. थेट मजकूर पाठवला तर चिन्हांचा कचरा छापून येतो. पट्टी आधी फोनवर चित्र म्हणून तयार करायची आणि ते काळे-पांढरे ठिपके प्रिंटरला पाठवायचे. रुंदीत ३८४ ठिपके मिळतात, त्यात नाव, डाग, वजन, भाव, रक्कम असे पाच रकाने बसवायचे. अक्षर बारीक केलं तर मात्रा आणि अनुस्वार बुजतात, आणि शेतकरी कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत राहतो. मी तरी नाव वरच्या ओळीत आणि आकडे खालच्या ओळीत असंच सुचवतो.

काट्याचंही विचारून घ्या. काटा सिरियल केबलचा असेल तर फोनला वजन सरळ येणार नाही, वेगळी जोडणी करावी लागेल, नाहीतर हातानेच टाकावं लागेल.

बाणेररोड

काटाप्रिंटर यांचा मुद्दा पटला. फ्लटरमध्ये केलं तरी प्रिंटरचा भाग अँड्रॉइडसाठी कोटलिनमध्येच लिहून चॅनेलने (फ्लटर आणि नेटिव्ह कोडमधल्या दुव्याने) जोडावा लागेल, आणि आयफोनसाठी प्रिंटरच वेगळा घ्यावा लागेल. बाकीचे स्क्रीन एकदाच लिहिले जातात हा फायदा तरीही राहतो, त्यावर मी ठाम आहे. फक्त एक: फ्लटर नेहमी रिलीज किंवा प्रोफाइल मोडमध्ये आणि दिवाणजींच्याच फोनवर तपासा. डीबग मोडमधली (चुका शोधायच्या मोडमधली) मंद गती बघून लोक उगाच नाव ठेवतात.

गुलटेकडीकर

सगळ्यांचे आभार. काल पहाटे गाळ्यावर जाऊन बसलो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

दिवाणजींना विचारलं, तुम्हाला ॲपमध्ये काय हवं. ते म्हणाले, "आकड्यांची बटणं मोठी द्या, हात ओले असतात. आणि मागचं खोडता आलं पाहिजे, पण खोडलेलं दिसलंही पाहिजे, नाहीतर शेतकरी म्हणेल मागून बदललं." वहीत ते एक रेघ मारून वर नवा आकडा लिहितात, जुना वाचता येतो. ॲपमध्येही तसंच दाखवायचं ठरवलंय. आयफोनचा त्यांनी विषयही काढला नाही.

मग मालकांना विचारलं, तुम्ही आयफोनवर पट्टी करणार का? ते म्हणाले, "मी कशाला करू? मला दुपारी घरी बसून आज किती माल आला, किती विकला आणि कोणाकडे किती उधारी राहिली ते बघायचंय." म्हणजे त्यांना छापायचं काही नाही आणि लिहायचंही काही नाही.

त्यामुळे असं ठरवतोय: दिवाणजींसाठी कोटलिनमध्ये नेटिव्ह अँड्रॉइड, कर्वेनगर_७ यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक रकाना लगेच फोनवर साठवणारं, आणि हिशोबाचा भाग वेगळ्या मॉड्यूलमध्ये, पुढे मल्टिप्लॅटफॉर्मला नेता येईल असा. मालकांसाठी आयफोनच्या ब्राउझरमध्ये उघडणारं साधं वेब पान, फक्त बघण्यापुरतं. आकडे सर्व्हरवरूनच येणार, त्यामुळे हिशोब दोनदा लिहावा लागत नाही. मालकांना हे सांगितलं, ते हो म्हणाले. पैसे एकाच ॲपचे.

बाणेररोड

वेब पान हेही क्रॉस-प्लॅटफॉर्मच झालं, एवढी नोंद करतो. या गाळ्यापुरतं योग्य आहे. शेजारच्या गाळ्यावरचे दिवाणजी आयफोन घेऊन आले तर पुन्हा बोलू.

खडकवासला

+१. त्यांच्या फोनवर बॅटरी सेव्हर ॲपला मागे झोपवत नाही ना, ते सेटिंग पहिल्याच दिवशी बघून घ्या. काही कंपन्यांच्या फोनवर सिंक त्यामुळेच बंद पडतं आणि दोष सर्व्हरवर येतो.

काटाप्रिंटर

कोड लिहायच्या आधी एक करा. प्रिंटर विकत घेण्यापूर्वी दुकानदाराकडे एक चित्र छापून बघा. त्यात त्यांच्याकडे माल पाठवणारी खरी गावं टाका: गुऱ्होळी, कोऱ्हाळे, श्रीगोंदा. अर्धा र आणि जोडाक्षर ठिपक्यांत कसं उमटतं ते तिथेच कळेल. आणि कागद दिवसभर उन्हात ठेवून बघा. थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो, आणि शेतकरी पट्टी गाडीच्या काचेपाशी ठेवतो. मॉडेल नंबर इथे टाकलात तर तो लो एनर्जीवर चालतो का ते सांगतो.